पायाखालचे पाणी : जलबांधकामांखालील पाझराचे विश्लेषण आणि निर्गम उताराचा प्रश्न

प्रस्तावना

नदीवर बंधारा बांधला म्हणजे पाणी अडले, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात पाणी पूर्णपणे कधीच अडत नाही. बांधकामाच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी चढते, खालच्या अंगाला ती कमी राहते आणि या दोन पातळ्यांतील फरक पाण्याला पायाखालच्या मातीतून, वाळूतून किंवा खडकाच्या भेगांतून अखंड पुढे रेटत राहतो. सांडव्यावरून कोसळणारे पाणी दिसते, ऐकू येते. ते पाहण्यासाठी माणसे सहकुटुंब जातात. पायाखालून जाणारे पाणी कोणी पाहत नाही. धरणे आणि बंधारे यांच्या अपघातांच्या इतिहासात मात्र या न दिसणाऱ्या पाण्याचे स्थान फार वरचे आहे.

गोदावरीवर प्राणहितेच्या संगमाच्या खाली, तेलंगणाच्या जयशंकर भूपालपल्ली जिल्ह्यात मेडीगड्डा येथे बांधलेल्या बॅरेजचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले. सुमारे १.६ किलोमीटर लांबीचे आणि ८५ दरवाजांचे हे बांधकाम असून त्याचा पलीकडचा काठ महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात येतो. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी या बॅरेजच्या सातव्या खंडातील काही खांब खचले. महापूर नव्हता, भूकंप नव्हता. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने प्राथमिक अहवालात जी संभाव्य कारणे नोंदवली, त्यांत पायाखालील वाळू वाहून जाणे हे एक प्रमुख कारण होते. सव्वाशे वर्षांपूर्वी पंजाबच्या आणि गंगेच्या पात्रांत अभियंत्यांना ज्या प्रश्नाने घेरले होते, तोच प्रश्न एकविसाव्या शतकात गोदावरीच्या पात्रात पुन्हा उभा राहिला. या प्रश्नाचे स्वरूप काय, त्याचे उत्तर शोधताना विचार कसकसा बदलत गेला आणि त्या उत्तराला कोठे मर्यादा पडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विषय स्थापत्यशास्त्राचा असला तरी त्यातील मूळ कल्पना इतर विद्याशाखांच्या अभ्यासकांना समजण्यास कठीण नाहीत.

धोक्याची दोन रूपे

पायाखालून झिरपणारे पाणी दोन प्रकारे घात करते. पहिला प्रकार दाबाचा. बंधाऱ्याच्या पक्क्या फरशीखाली शिरलेले पाणी तिला खालून वर ढकलत असते. या दाबाला येथे ऊर्ध्वदाब म्हटले आहे. फरशीचे वजन त्यापुढे अपुरे पडले तर फरशी उचलली जाते, फुटते. काँक्रीट पाण्याच्या सुमारे सव्वादोन पट जड असते. त्यातही पाण्यात असताना त्याचे परिणामकारक वजन आणखी घटते. त्यामुळे फरशीच्या माथ्यावर अडीच मीटर पाण्याइतका दाब शिल्लक असेल, तर तेथे केवळ तोल साधण्यासाठी सुमारे दोन मीटर जाडीची फरशी लागते.

दुसरा प्रकार अधिक कपटी आहे. झिरपणारे पाणी वाळूच्या कणांवर प्रवाहाच्या दिशेने ओढ लावते. जमिनीखाली खोलवर असताना कण चहूबाजूंनी दाबलेले असल्यामुळे ते हलत नाहीत. परंतु जेथे पाणी फरशीच्या शेवटी पात्रातून वर येते, तेथे ओढ वरच्या दिशेने असते आणि कणाला धरून ठेवायला त्याच्या स्वतःच्या वजनावाचून काही नसते. ओढ वजनाएवढी झाली की कण तरंगू लागतो व निघून जातो. एक कण गेला की त्याच्या मागचा कण उघडा पडतो. वाट तेवढीच आखूड होते आणि आखूड वाटेवर ओढ वाढते. अशा रीतीने खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे बांधकामाखाली एक पोकळ नळी कोरली जाते. यालाच पायपिंग म्हणतात. ही झीज पाणी आत शिरते त्या बाजूने सुरू होत नाही. ते बाहेर पडते त्या बाजूने ती उलट दिशेने सरकते. ही गोष्ट एकदा नीट ध्यानात आली म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपे होते. अभियंत्यांच्या ध्यानात ती यायला मात्र तीन दशके लागली.

खानकी, नरोरा आणि ब्लाय यांचा नियम

सच्छिद्र माध्यमातून पाणी कसे वाहते याचा मूलभूत नियम फ्रेंच अभियंता हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडला. दिजॉन शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथाच्या परिशिष्टात त्यांनी वाळूच्या स्तंभांवरील आपले प्रयोग दिले आहेत. प्रवाहाचा वेग दाबाच्या उताराशी, म्हणजे एकक अंतरात दाबाची जी उंची खर्ची पडते तिच्याशी, समप्रमाणात असतो, हा त्याचा आशय. शहरातील पाणी गाळण्याच्या व्यवहारातून निघालेला हा नियम पुढे धरणांच्या पायाचा आधार ठरला.

भारतात त्याची निकड जाणवली ती सिंचनाच्या मोठ्या कालव्यांमुळे. उत्तरेकडील नद्यांच्या पात्रांत खडक फार खोल असतो, त्यामुळे तेथील बंधारे वाळूवरच बसवावे लागत. चिनाब नदीवरील खानकी बंधारा (आज पाकिस्तानात) १८९५ मध्ये पायपिंगमुळे निकामी झाला. त्यानंतर रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य कर्नल क्लिबर्न यांनी खानकीचीच वाळू लांब नळीत भरून तिच्यातून पाणी जाऊ देण्याचे प्रयोग केले. हे प्रयोग चालू असण्याच्या काळातच, २९ मार्च १८९८ रोजी, गंगेवरील नरोरा बंधाऱ्याची फरशी खालच्या दाबाने उचलली जाऊन फुटली. एक बंधारा वाळू निसटल्याने गेला, दुसरा दाबाने गेला. वर सांगितलेली धोक्याची दोन्ही रूपे तीन वर्षांच्या अंतराने समोर आली.

क्लिबर्न आणि बेरेसफोर्ड यांच्या कामातून दाबाच्या उताराची कल्पना बंधाऱ्यांच्या आखणीत आली. डब्ल्यू. जी. ब्लाय यांनी १९१० च्या सुमारास तिला सोपे रूप दिले. त्यांच्या मते पाणी बांधकामाच्या तळाला चिकटून सरपटत जाते. तळाची आडवी लांबी आणि जमिनीत उतरवलेल्या उभ्या भिंतींच्या दोन्ही बाजू मिळून ही वाट मोजावी. आणि दाब या वाटेवर समान रीतीने खर्च होतो असे धरावे. एकूण वाट पाण्याच्या उंचीच्या किती पट हवी, एवढेच मग ठरवायचे राहते. उत्तर भारतातील नद्यांच्या बारीक वाळूसाठी १५ पट आणि जाड वाळूसाठी १२ पट, असे त्यांचे गुणांक होते.

ब्लाय यांच्या नियमावर आज टीका करणे सोपे आहे. पण पात्राच्या कडेला तंबूत बसून दोन ओळींत करता येणारा हिशेब त्या काळी दुसरा नव्हता आणि त्यावर बांधलेली अनेक कामे दीर्घकाळ टिकलीही. ई. डब्ल्यू. लेन यांनी १९३५ मध्ये दोनशेहून अधिक धरणांची माहिती तपासून या नियमात दुरुस्ती सुचवली : आडवी वाट उभ्या वाटेच्या एकतृतीयांशच परिणामकारक धरावी. दुरुस्ती अनुभवाशी जुळणारी होती, परंतु मूळ गृहीतक तेच राहिले. किती लांब वाट चालली याला महत्त्व. ती वाट कोठे आणि कशी संपते हा प्रश्न दोघांच्याही हिशेबात नाही.

अपर चिनाब कालव्यावरील सायफन

ब्लाय यांच्या नियमाप्रमाणे आखलेल्या, अपर चिनाब कालव्यावरील काही सायफनांना १९२६-२७ मध्ये तळाची धूप होऊन धोका निर्माण झाला. सायफन म्हणजे कालवा आणि आडवा येणारा नाला एकमेकांना वरून-खालून ओलांडतात तेथील बांधकाम. हिशेबाने ही बांधकामे सुरक्षित होती. पंजाबच्या पाटबंधारे खात्यातील अभियंते अजुध्यानाथ खोसला यांच्याकडे या प्रकरणाचा तपास आला. हिशेब पुन्हा तपासण्यावर न थांबता खोसला यांनी फरशीतून खाली नळ्या बसवल्या. नळीत पाणी जेवढे चढेल तेवढा त्या ठिकाणचा दाब. उपकरण म्हणून याहून साधे काही असू शकत नाही. परंतु प्रत्यक्ष बांधकामाखाली दाब खरोखर किती आहे हे ठिकठिकाणी मोजले गेले तेव्हा ब्लाय यांच्या नियमाने काढलेले आकडे आणि नळ्यांतील पातळ्या जुळेनात.

या निरीक्षणांतून निघालेले निष्कर्ष आजही बंधाऱ्यांच्या आखणीत पाळले जातात. दोन्ही टोकांच्या उभ्या भिंतींच्या बाहेरच्या बाजू आतल्या बाजूंपेक्षा आणि फरशीच्या आडव्या लांबीपेक्षा कितीतरी अधिक परिणामकारक असतात. मधल्या भिंती बाहेरच्या भिंतींपेक्षा आखूड असतील तर दाबाची थोडी स्थानिक फेरवाटणी यापलीकडे त्यांचा उपयोग नसतो. तळाची धूप फरशीच्या खालच्या टोकापासून सुरू होते. म्हणून खालच्या टोकाला पुरेशी खोल उभी भिंत असणे अत्यावश्यक आहे.

पुढचा टप्पा गणिताचा होता. जमिनीखालील स्थिर प्रवाह लाप्लासच्या समीकरणाचे पालन करतो हे तोवर ज्ञात होते. रशियात पावलोव्स्की यांनी जलबांधकामांखालील प्रवाहाचा गणिती विचार १९२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. खोसला, गणितज्ञ एन. के. बोस आणि ई. मॅकेन्झी टेलर यांनी श्वार्झ-ख्रिस्टोफेल रूपांतराच्या साहाय्याने बंधाऱ्याच्या गुंतागुंतीच्या तळाचे साधे भाग पाडले : केवळ फरशी व टोकाची भिंत, केवळ फरशी व मधली भिंत, आणि पात्रात थोडी दबलेली फरशी. प्रत्येक भागाचे काटेकोर उत्तर काढायचे आणि मग एकमेकांवरील परिणामांसाठी दुरुस्त्या करायच्या, अशी ही पद्धत आहे. ‘पारगम्य पायावरील बंधाऱ्यांची आखणी’ या विषयावरील त्यांचा ग्रंथ केंद्रीय पाटबंधारे मंडळाचे बारावे प्रकाशन म्हणून १९३६ मध्ये निघाला. खोसला पुढे भाक्राच्या कामात अग्रणी होते, रुडकी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ओरिसाचे राज्यपालही झाले. तरीही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव राहिले ते फरशीत बसवलेल्या त्या नळ्यांमुळे आणि त्यांच्यातून निघालेल्या सूत्रामुळे.

एक उदाहरण

या सूत्राचा अर्थ एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, फरशीची लांबी ४० मीटर आहे, पाण्याच्या पातळ्यांतील फरक ४ मीटर आहे आणि खालच्या टोकाला एकच उभी भिंत जमिनीत उतरवली आहे. फरशीच्या जाडीचा विचार सोयीसाठी बाजूला ठेवू. पाणी ज्या ठिकाणी पात्रातून बाहेर पडते तेथील दाबाच्या उताराला निर्गम उतार म्हणतात. खोसला यांच्या सूत्रानुसार पाण्याची उंची भिंतीच्या खोलीने भागावी आणि आलेल्या संख्येला ‘पाय’ व ‘लॅम्डाचे वर्गमूळ’ यांच्या गुणाकाराने भागावे म्हणजे निर्गम उतार मिळतो. लॅम्डा ही संख्या फरशीची लांबी आणि भिंतीची खोली यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते : त्या गुणोत्तराच्या वर्गात १ मिळवून वर्गमूळ काढावे, त्यात पुन्हा १ मिळवावा आणि निम्मे करावे.

भिंत अडीच मीटर खोल असेल तर गुणोत्तर १६, लॅम्डा सुमारे ८.५ आणि निर्गम उतार ०.१७५ येतो, म्हणजे ५.७ ला १. सर्वसाधारण वाळूचे कण उतार १ ला १ च्या आसपास पोचला की तरंगू लागतात. या मर्यादेपासून बरेच अंतर राखायचे म्हणून बारीक वाळूसाठी ६ ते ७ ला १, जाड वाळूसाठी ५ ते ६ ला १ आणि गोट्यांच्या पात्रासाठी ४ ते ५ ला १ हे सुरक्षित उतार मानले जातात. तेव्हा बारीक वाळूच्या पात्रात आपला हा बंधारा असुरक्षित ठरतो.

आता दोन उपाय संभवतात. एक, भिंत पाच मीटर खोल न्यावी. निर्गम उतार ८.४ ला १ होतो. दोन, भिंत तशीच ठेवून फरशी ४० वरून ८० मीटर करावी. निर्गम उतार ८ ला १ होतो. अडीच मीटरची जादा उभी भिंत आणि ४० मीटरची जादा फरशी यांचा परिणाम जवळजवळ सारखाच आहे! यामागचे कारण असे की फरशी लांब असेल तेव्हा निर्गम उतार लांबी आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दोहोंपैकी कोणतीही दुप्पट केली तरी लाभ तेवढाच. पण अडीच मीटर दुप्पट करणे आणि चाळीस मीटर दुप्पट करणे यांच्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही. ब्लाय यांच्या नियमाने मात्र पहिल्या उपायात वाट ५० मीटर, दुसऱ्यात ८५ मीटर होते आणि दुसरा बंधारा पहिल्यापेक्षा कितीतरी सुरक्षित दिसतो. याच सूत्राची दुसरी बाजू अशी : भिंतीची खोली शून्याकडे नेली की निर्गम उतार गणिताने अनंत होतो. फरशी कितीही लांब असो, खालच्या टोकाला उभी भिंत नसेल तर वाळूचा पहिला कण अडवणारे कोणी नाही.

सर्व लाभ एकाच बाजूला नसतात, हेही या उदाहरणात दिसते. भिंत खोल केल्यामुळे पाण्याचा बाहेर पडण्याचा मार्ग अडतो आणि फरशीखालचा ऊर्ध्वदाब वाढतो. भिंत अडीच मीटर असताना तिच्या आतल्या बाजूस फरशीखाली एकूण उंचीच्या सुमारे २२ टक्के दाब शिल्लक राहतो. भिंत पाच मीटर केली की तो ३१ टक्के होतो. मीटरमध्ये सांगायचे तर ०.९ वरून १.२५. तेथील फरशी त्या प्रमाणात जाड करावी लागते. याच जागी ब्लाय यांचा हिशेब अनुक्रमे ११ आणि २० टक्केच दाब दाखवतो. नळ्यांतील पातळी आणि कागदावरील आकडे जुळत नव्हते म्हणजे काय, याची कल्पना या तफावतीवरून यावी.

जाळे आणि संगणक

तळाचा आकार अनियमित असेल किंवा मातीचे थर वेगवेगळे असतील तेव्हा काटेकोर सूत्रे उपयोगी पडत नाहीत. अशा वेळी प्रवाहरेषा आणि समान दाबाच्या रेषा एकमेकींना काटकोनात छेदतील अशा बेताने हाताने प्रवाहजाल काढण्याची पद्धत फोर्कहाइमर यांच्यापासून रूढ झाली आणि आर्थर कासाग्रांदे यांच्या १९३७ मधील निबंधाने ती सर्वत्र पोचली. विजेचा प्रवाहही लाप्लासच्या समीकरणाने चालतो, या साम्याचा आधार घेऊन विद्युत प्रतिरूपावर दाब मोजण्याची युक्तीही दीर्घकाळ वापरात होती. १९६६ मध्ये झिंकिविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिमित घटक पद्धत पाझराच्या प्रश्नाला लावली. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी संगणकावर काही मिनिटांत रंगीत आकृती मिळवतो.

या आकृतीच्या सुबकपणाने मात्र फसण्याचा संभव असतो. पाणी मातीतून किती सहज जाऊ शकते हे सांगणारा पारगम्यतेचा आकडा रेती आणि चिकणमाती यांत दहा लाख पटींहूनही अधिक बदलतो. नदीने वर्षानुवर्षे टाकलेल्या गाळात बारीक वाळूच्या थराखाली रेतीचा पट्टा दडलेला असू शकतो. आडव्या दिशेने पाणी उभ्या दिशेपेक्षा कितीतरी सहज जाते. आणि चाचणीसाठी घेतलेली छिद्रे शेकडो मीटर अंतरावर असतात. उभी भिंत कागदावर सलग असते. प्रत्यक्षात तिच्या दोन फळ्यांच्या किंवा दोन काँक्रीट स्तंभांच्या सांध्यात फट राहिली तर पाणी नेमके तेथूनच जाते. समीकरणे अचूक सुटली तरी त्यांना पुरवलेली माती खरी असतेच असे नाही. कार्ल तेर्झागी यांनी आयुष्यभर हेच परोपरीने सांगितले आणि म्हणूनच पायपिंगवर त्यांनी सुचवलेला उपाय पाण्याला अडवण्याचा नव्हता, वाळूला अडवण्याचा होता. पाणी बाहेर पडते त्या जागी बारीक वाळू, मग जाड वाळू, मग खडी अशा क्रमाने थर घालावेत. पाण्याला वाट मिळते, कणाला मिळत नाही. उलटा फिल्टर या नावाने ही रचना प्रत्येक बंधाऱ्याच्या खालच्या फरशीपुढे आणि मातीच्या धरणांच्या पोटात वापरली जाते.

स्वच्छ पाझर, गढूळ पाझर

महाराष्ट्रात वाळूवरील बॅरेजपेक्षा मातीची धरणेच अधिक आहेत. काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरमाचे कवच आणि खाली सांध्यांनी भरलेला बेसाल्ट अशी त्यांची सामान्य रचना असते. गाभ्याखाली खडकापर्यंत चर खणून तो चिकणमातीने भरतात, जेणेकरून पायाखालची वाट तुटावी. तरीही पाझर राहतोच आणि तो राहणे हा दोष नव्हे. पायथ्याच्या चरीत जमणारे पाणी त्रिकोणी खाचेतून, म्हणजे व्ही-नॉचमधून, नेऊन रोज मोजावयाचे असते. धरणातील पातळी वाढेल तसा पाझर वाढावा, कमी होईल तसा घटावा. पातळी स्थिर असताना पाझर वाढू लागला, किंवा नितळ येणारे पाणी गढूळ येऊ लागले, तर आतून माती निघत आहे असा त्याचा सरळ अर्थ आहे. बंधाऱ्याच्या खाली पात्रात वाळू उकळल्यासारखी वर येताना दिसणे, ही त्याच रोगाची दुसरी खूण.

अमेरिकेतील टेटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदा भरत असतानाच फुटले. सकाळी पायथ्याकडे गढूळ पाणी दिसले आणि दुपार होण्याआधी धरण गेले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून वीसहून अधिक माणसांचा बळी गेला. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी त्यापूर्वी केल्या होत्या. गळती कोणत्या जातीची आहे हे ठरवायला संगणकाची गरज नसते. काचेच्या पेल्यात पाणी धरून ते निवू दिले तरी तळाशी माती बसते की नाही ते कळते. गावकऱ्याच्या तक्रारीला तांत्रिक निरीक्षणाचा दर्जा मिळत नाही, ही आपल्या व्यवस्थेतील उणीव पाझराच्या शास्त्रात मोडत नसली तरी त्या शास्त्राचा उपयोग तिच्यापाशीच अडतो.

पुन्हा मेडीगड्डा

मेडीगड्डा बॅरेजच्या फरशीखाली वरच्या आणि खालच्या टोकांना एकमेकांत गुंतवलेल्या काँक्रीट स्तंभांच्या, म्हणजे सीकंट पाइलच्या, भिंती आहेत. खोसला यांच्या परिभाषेत टोकांच्या उभ्या भिंती त्या ह्याच. प्राधिकरणाच्या समितीने नोव्हेंबर २०२३ मधील प्राथमिक अहवालात खांब खचण्याची संभाव्य कारणे म्हणून पायाखालील वाळू वाहून जाणे, वाळूची भारवहनक्षमता कमी पडणे आणि वरच्या बाजूच्या सीकंट पाइलची भिंत निकामी होणे यांचा उल्लेख केला. बॅरेजची आखणी तरंगत्या बांधकामाची असून प्रत्यक्ष उभारणी ताठर बांधकामाची झाली, असाही शेरा तीत आहे. नियोजन, आखणी, दर्जा नियंत्रण आणि देखभाल अशा चारही बाबींतील उणिवांवर समितीने बोट ठेवले. मागितलेल्या २० प्रकारच्या माहितीपैकी १२ प्रकारचीच मिळाली, असे तिचे म्हणणे होते; राज्याने ते अमान्य केले. त्यानंतर बॅरेजमध्ये पाणी साठवू नये असे प्राधिकरणाने सांगितले आणि दरवाजे उघडे ठेवण्यात आले.

अहवालातील एका मुद्द्याकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. फरशीच्या पुढे पात्रावर टाकलेले काँक्रीटचे ठोकळे आणि त्यापुढील सुटे दगड यांची तपासणी व दुरुस्ती २०१९-२० पासून आवश्यक त्या प्रमाणात झाली नाही, असे समितीने नमूद केले आहे. वरवर पाहता ही किरकोळ देखभालीची बाब वाटते. परंतु सूत्रातील भिंतीची खोली ही तिच्या काँक्रीटची लांबी नव्हे. ती भिंतीच्या पुढे उभ्या असलेल्या वाळूची खोली आहे. पुराने ठोकळे हलवले, त्यांच्याखालचा फिल्टर उघडा पडला आणि पुढची वाळू खरवडली गेली की तीच भिंत हिशेबात आखूड होते. वरील उदाहरणातील पाच मीटरच्या भिंतीपुढची अडीच मीटर वाळू एका पावसाळ्यात गेली, तर फरशीला तडा नसताना, एकही दरवाजा बिघडलेला नसताना, निर्गम उतार ८.४ वरून ५.७ ला १ च्या जवळ येतो. आणि पात्र खरवडल्यामुळे खालची पातळीही उतरली असेल तर याहूनही तीव्र होतो. हे घडले की नाही ते कळण्यासाठी पूर ओसरल्यावर होडीतून दोरी सोडून पात्राची खोली मोजावी लागते आणि ती मागील वर्षीच्या खोलीशेजारी लिहून ठेवावी लागते.